आंबट पाणी

आमच्या मळ्यातल्या टोमॅटोंना चव का लागत नाही, हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. कळल्यावर मी दीड महिना तोंड उघडलं नाही. आणि उघडलं ते नको त्या दिवशी, नको त्या माणसांसमोर. ज्यांना हे वाचून राग यावा ती माणसं आता राहिलेली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर सांगलीचं. वडील हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीतल्या कोठारांवर, मुकादम होते. मी मराठी सहावीपर्यंत शिकले आणि एक्केचाळीस साली कोरेगावजवळच्या एका गावात सून म्हणून आले. ऊसवाल्यांचं घर होतं. बारमाही पाण्याची विहीर, स्वतःचं गुऱ्हाळ, दावणीला चार बैल. नवऱ्याला आमच्याकडे मालक म्हणत, मीही तेच म्हणते. मालक पलटणीत होते. लग्नानंतर बावीस दिवस घरी राहिले आणि लढाईवर गेले ते पाच वर्षं आले नाहीत. आधी आफ्रिकेत होते, मग इटलीत. एकदा पत्र आलं की डोक्याला मार लागला होता, आता बरं आहे. त्यापुढं नेहमीसारखंच, थोरामोठ्यांना नमस्कार आणि बैलांची चौकशी.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ते कायमचे परत आले. मानेच्या वर, केसांत, बोटभर लांब वण होता. विचारल्यावर एवढंच म्हणाले की गोळा पडून भिंत ढासळली, ते मागच्या मागं दगडी फरशीवर आपटले, तीन दिवस शुद्ध नव्हती.

त्या दिवशी सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, कोंबडं कापलं. मालकांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "कुणी केलंय?"

"सूनबाईनं," आत्याबाई म्हणाल्या.

मसाला त्यांनी वाटला होता, फोडणी त्यांनी दिली होती. मी चूल फुंकली होती.

"चव न्हाई," मालक म्हणाले आणि ताटात मीठ मागून घेतलं.

तेव्हापासून घरात काहीही बेचव झालं की ते माझ्या हातचं. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "शेरातली पोरगी हाय, हाताला चव न्हाई. पोरगं पाच वर्सांनी घरला आलंय आन् जेवनावरनं उठतंय." मी मसाला बदलून पाहिला, तेल वाढवलं, आमटी तीन-तीनदा चाखली. मला ती चांगली लागायची. मग मला माझ्याच जिभेची शंका यायला लागली.

आणखी एक गोष्ट होती. चांगली ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जात होती आणि गावात रेशनची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, यायची. तिची भाकरी रबरासारखी. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, अन्नाची चव गेली. त्यामुळे मालक जेवताना तोंड वाकडं करत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मालकांनी इटलीतून तंबाखूच्या डबीत टोमॅटोचं बी आणलं होतं. गावात टोमॅटो माहीत नव्हता असं नाही, कोरेगावच्या बाजारात दिसायचा. पण घरात कुणी आणत नसे. आत्याबाई म्हणायच्या, रक्तासारखं दिसतं, ते चुलीवर चढवायचं नाही. मालकांनी सांगितलं की डोक्याला मार लागायच्या आधी त्यांची तुकडी एका शेतात उतरली होती. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं टोमॅटो मधोमध कापून, वर मीठ आणि तेल घालून पावाबरोबर दिला.

"तसं मी जलमात खाल्लं न्हाई," ते म्हणाले. "मटनाला मागं सारंल असं फळ हाय. आपल्या रानात हुईल."

आल्यापासून त्यांनी मनापासून काही मागितलं असेल तर ते एवढंच. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, लगेच उसाच्या पाटाला लागून चार सरी रान दिलं. काळी कसदार माती. मालकांनी त्यात पाच पाट्या शेणखत ओतलं. दसऱ्याला रोप टाकलं, दिवाळीनंतर लावण केली. उसाला पाणी सुटलं की टोमॅटोलाही सुटायचं. झाडं कमरेएवढी झाली, पानं हातभर, फळं थोडी. पण जी आली ती मुठीएवढी, फुगलेली, पुष्कळशी देठाजवळ चिरलेली. पाखरं आणि अळी लागते म्हणून मालक ती हिरवट असतानाच तोडून पेंढ्यात पिकत घालायचे.

संक्रांतीच्या सुमाराला पहिला टोमॅटो कापला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आत्याबाईंनी तेवढा खाल्ला नाही. खरं सांगायचं तर तो वाईटच होता. पानचट, आत पाणी आणि बिया.

मालकांनी फोड तोंडात धरली, बराच वेळ चघळली. "आंबट पाणी," ते म्हणाले.

"व्हय, पानचट हाय," मामंजी म्हणाले. मीही हो म्हणाले. त्या वर्षी आम्ही कुणी खोटं बोलत नव्हतो.

मालक तो नाद सोडणारे नव्हते. मार्चमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो. कोरेगावला गाडीत बसायचं, मिरजेला बदलायची. लग्न झाल्यावर मालक वडिलांना म्हणाले, टोमॅटोतलं कळणारं कुणी आहे का? वडिलांच्या ओळखीचा एक बागवान नदीकाठी भाजीपाला करायचा. म्हातारा होता, डोळे अधू झालेले. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. मालकांनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं,

"पानी कितींदा देता, पाव्हनं?"

"उसाबरूबर. आठ दिसाला."

"खत?"

"पाच पाट्या."

म्हातारा हसला. "मग झाडाला काय पडलंय फळात चव भरायची? त्येला वाटतंय आपन कायम जगनार. झाडाला जरा तहान लागू द्या. मरतुय का काय असं वाटलं की ते फळात जीव आनतंय." मग त्यानं एकेक सांगितलं. काळं रान नको, मुरमाड, उताराचं, दिवसभर ऊन खाणारं बघा. शेणखत अर्धी पाटी आणि चुलीतली राख. झाडाला काठीचा आधार द्या. फळ धरलं की पाणी तोडत आणा. "आन् हिरवं तोडू नका. झाडावर लाल हुऊ द्या. पेंढ्यात रंग येतुय, चव न्हाई येत."

परत येताना गाडीत मालक माझ्याशी बोलले. आल्यापासून तसे बोलले नव्हते. कराड येईपर्यंत ते वरच्या रानाबद्दलच सांगत होते. तिथं किती सऱ्या पडतील, राख कुठून जमवायची, पाखरांना काय करायचं. मला त्यांचं बोलणं बरं वाटलं. एवढा एक प्रवास मी त्यांच्याबरोबर सुखानं केला.

दुसऱ्या वर्षी वरच्या मुरमाड रानात टोमॅटो लावला. तिथं पाट चढत नव्हता. घागरीनं पाणी न्यायचं काम माझं. चार दिवसांनी एकदा, झाडाला तांब्याभर. फळ धरल्यावर आठ दिवसांनी, मग तेही बंद. शेजाऱ्यांच्या चुलींतली राख मी पाटीनं वाहिली. झाडं गुडघ्याएवढीच राहिली, पानं सुरकुतली. मला वाटलं मरतात. पण जानेवारीत फळं लाल व्हायला लागली. लहान, कातडी जाड, देठाजवळही हिरवेपणा नाही. उन्हात त्या सरींतून गेलं तरी वास यायचा.

पहिलं फळ मी तिथंच, रानात, पदराला पुसून खाल्लं. मी चोरून खाल्लं हेही कबूल करते. गोड होतं, आंबट होतं, आणि त्याशिवाय आणखी काहीतरी होतं, त्याला शब्द नाही. मला एवढा आनंद झाला की मी राखेची पाटी तिथंच टाकून घरी आले.

दुपारी मालकांनी चार फळं कापली. मामंजींनी फोड तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरं लागतंय की रं," ते म्हणाले.

मालक चघळत होते. चघळता चघळता थांबले. "आंबट पाणी," ते म्हणाले. "गेल्या सालासारखंच."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "तसं बघाय गेलं तर... पानचट हायच थोडं," ते म्हणाले. पोरगा पाच वर्षं जग बघून आलेला, त्यानं खरा टोमॅटो खाल्लेला. त्याच्यापुढं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटलं असेल. मला विचारलं तेव्हा मीही म्हणाले, "व्हय, पानचटच." मी कशाला वेगळं बोलू? माझ्या जिभेचा निकाल दीड वर्षापूर्वीच लागला होता.

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. ताकाच्या मडक्यावरच्या फळीवर रॉकेलची चिमणी ठेवलेली असायची. ती गळत होती, माझ्या लक्षात आलं नाही. मालक वरच्या रानात होते, चुलीच्या धुरात तांब्याभर ताक काढून, वर फडकं बांधून त्यांना नेऊन दिलं आणि घरी आले, तर मडक्यातून रॉकेलचा भपकारा. मी तशीच पळत सुटले. पोचले तोवर तांब्या रिकामा होता. मालक मिशा पुसत होते.

"ताक कसं हुतं?" मी धापा टाकत विचारलं.

"कसं असतंय ताक? आंबट."

मी रिकामा तांब्या हातात घेतला. त्याला रॉकेलचा इतका वास येत होता की मी तो अंगापासून लांब धरला.

वाटेनं घरी येताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. कोंबड्याचं कालवण. मागून घेतलेलं मीठ. गोठ्यात मेलेली घूस, जिचा वास सगळ्या घराला आला आणि त्यांना नाही. दुसऱ्या दिवशी मी लसूण न घालता ठेचा वाढला. त्यांना कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत मूठभर कोथिंबीर जास्त घातली. कळलं नाही. ते अंगणात दाढी करत बसले असताना मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या मागं उभी राहिले.

"काय बघतीस?" त्यांनी आरशातून विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणाले.

आंबट, खारट, तिखट त्यांना कळत होतं. वास कळत नव्हता, आणि वासावाचून चव नाही. डोक्याला मार लागला तेव्हा ते गेलं होतं आणि त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. हॉस्पिटलातलं बेचव खाऊन, मग बोटीवरचं, मग घरी मिलोची भाकरी आणि बेचव हाताची बायको. त्यांना वाटत होतं की जगच पानचट झालं आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांना एकट्याला गाठून, रानात, हळू. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण मला त्यांची कीव आली नाही. दीड वर्ष प्रत्येक जेवणाला ऐकून घेतलेलं होतं. आता मला ठाऊक होतं की खोट माझ्या हातात नाही. ते ठाऊक असण्यात एक घाणेरडं सुख होतं. ते ताट सरकवायचे, मीठ मागायचे, आणि मी मनात म्हणायचे, घ्या, घ्या आणखी. आत्याबाई बोलायच्या तेव्हाही मला आतून हसू यायचं. हे सुख मी जपून वापरत होते.

तिकडं मालक टोमॅटोचं दुखणं शोधत राहिले. बागवानाचं एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. राख कमी पडली म्हणून आणखी राख घातली. मग राख जास्त झाली म्हणून वरची माती खरवडून काढली. झाडं इतकी तहानली की खालची पानं जळाली, तरी त्यांना फळात पाणीच लागत होतं. मग पाणी येतं कुठून? ते सकाळी रानात जाऊन मातीत बोट खुपसून बघायचे. घागर पालथी आहे का बघायचे. एके दिवशी मला म्हणाले, "तू आता वरच्या रानात पाय टाकायचा न्हाई."

"का?"

"तुलाच ठावं."

होळीच्या आदल्या दिवशी शेजारच्या मळ्यातले दोघं गुळाचं बोलायला आले होते. मामंजी त्यांच्याबरोबर ओसरीवर होते, आत्याबाई दारात धान्य निवडत होत्या. मालक वरून आले. दोन्ही हातांत उपटलेली झाडं, मुळांना माती, फळं लगडलेली. ती त्यांनी अंगणात टाकली आणि परत गेले. पुन्हा ढीग घेऊन आले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "आवं, फळावर आलेली झाडं का उपटताय?"

"चव न्हाई," मालक म्हणाले. "न्हाईच हुनार. ही चोरून पानी घालती. शेरातली हाय, तिला झाडाची तहान बघवत न्हाई. माझ्या एवढ्या खटाटोपाची हिनं माती केली."

मी घागरी वाहिल्या होत्या. राख वाहिली होती. मी दारातून बाहेर आले आणि त्या चौघांसमोर बोलले,

"झाडात खोट न्हाई. मामंजीस्नी इचारा, पाव्हण्यास्नी खाऊ घाला. खोट तुमच्या नाकात हाय. तुमाला वास येत न्हाई, कशाचाबी. रॉकेल मिसळल्यालं ताक तुमी पिलाय, दीड म्हैना झाला त्येला."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग मामंजी उठले, आत गेले आणि हिंगाची डबी घेऊन आले. "डोळं मीट," ते मुलाला म्हणाले. मालकांनी डोळे मिटले. एवढा उंच, पलटणीतला माणूस, लहान पोरासारखा हात बाजूला सोडून उभा राहिला. मामंजींनी डबी नाकाशी धरली.

"काय हाय?"

मालकांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. "राख," ते म्हणाले.

मामंजींनी डबी बंद केली. पाहुण्यांपैकी एकजण इकडं तिकडं बघत उठला आणि दोघं गेले. मला वाटलं होतं की बोलून झाल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आत्याबाईंनी उपटलेली झाडं फळांसकट म्हशीपुढं टाकली. बी धरायचंही कुणाला सुचलं नाही. ते टोमॅटो जगात मी सोडून पाच-सहा माणसांनी खाल्ले असतील.

दोन दिवसांत गावाला कळलं. लढाईच्या आधी मालक गुऱ्हाळात गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचा उजवा हात होते. काहिलीत रस उकळताना तो कधी उतरवायचा हे रंगावरून आणि वासावरून ठरतं, आणि त्यांचा अंदाज चुकत नसे. म्हातारा गुळव्या आता थकला होता, पुढच्या साली काहील मालकांकडे द्यायची असं ठरलं होतं. आदल्या हंगामात त्यांच्या हातून एक आदण, म्हणजे काहीलभर रस, करपलं होतं, तेव्हा सगळ्यांनी जळणाला दोष दिला होता. आता जळणाला कुणी दोष देईना. ते गुऱ्हाळावर गेले की माणसं अदबीनं बाजूला व्हायची आणि काहिलीजवळ मात्र येऊ द्यायची नाहीत. चावडीवर पोरांनी एकदा त्यांच्या नाकाशी काहीतरी धरलं आणि हसली. मालकांनी ते घरी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

वडिलांनी त्यांना सांगलीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी वण बघितला, चार बाटल्या हुंगायला दिल्या, आणि सांगितलं की नाकातून मेंदूकडं जाणाऱ्या बारीक शिरा त्या धक्क्यानं तुटल्या आहेत. "किती दिवसांत येईल?" मालकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता येणार नाही. इतक्या दिवसांत आलं नाही म्हणजे नाही. मालकांनी नमस्कार केला आणि बाहेर आले. बागवानाच्या मळ्यावरून वाट होती. म्हाताऱ्यानं ओळखलं नसतं, पण मालक त्या बाजूला न बघताच पुढं गेले.

गणपतीनंतर त्यांनी पुण्याकडं लष्कराच्या एका कोठारावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. वर्षातून दोनदा यायचे. आत्याबाई मला आता चवीवरून बोलत नव्हत्या. खरं तर त्या माझ्याशी फारसं बोलतच नव्हत्या. पोरगं माझ्यामुळे गेलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या वर्षी ते रजेवर आले असताना मी एकदाच विषय काढला. ते ओसरीवर पट्ट्याला पॉलिश करत होते. मी म्हणाले, "त्या दिवशी मानसांम्होरं बोलले, ते चुकलं माझं."

"मानसांम्होरंचं काय न्हाई," ते पट्ट्यावरून नजर न उचलता म्हणाले. "आज न्हाई उद्या कळलंच असतं. रॉकेलचं कवा कळलं तुला?"

"संक्रांतीनंतर."

"आन् मी उपटली होळीला."

"व्हय."

"दीड म्हैना मी मातीत बोटं घालत फिरत हुतो. तू बघत हुतीस."

मी हो म्हणाले. ते पॉलिश करत राहिले. मग म्हणाले, "बायको हाय, म्हनून मी तुला इचारायचो. चव हाय का न्हाई. तू म्हनालीस, न्हाई."

आत्याबाईंनी आतून हाक मारली, भाकरी करपत होती. मी उठून चुलीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी पट्टा गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले होते. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही नवरा-बायको होतो, मुलंही झाली. माझ्या हातचं त्यांनी कधी बेचव म्हटलं नाही, आणि चांगलं झालं आहे का, हेही कधी विचारलं नाही.